डोक्याची जखम आणि अपस्मार

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या व दुचाकी यांची गर्दी होते. अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस उपचार घेऊन घरी परततो, जखमही भरून येते. परंतु काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, त्याला अचानक आकडी येते. जुन्या जखमेशी तिचा संबंध घरच्यांच्या ध्यानी येत नाही. 'बाहेरची बाधा' समजून देवऋषी गाठला जातो आणि उपचार लांबतात.

आकडी का येते?

मेंदूच्या पेशी सूक्ष्म विद्युत-संदेशांनी काम करतात. इजेच्या जागी व्रण राहिल्यास हे संदेश एकाएकी अनियंत्रित होतात. पहिल्या आठवड्यातील आकडी ताज्या इजेमुळे येते. त्यानंतरची आकडी मात्र पुन्हा येण्याचा संभव मोठा असतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ४,५४१ रुग्णांची पाहणी झाली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, सौम्य इजेनंतर पाच वर्षांत आकडी येण्याचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी, तर गंभीर इजेनंतर शेकडा दहा होते. म्हणून भय नको, पण सावधगिरी हवी.

प्रथमोपचार

रुग्णाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत, वेळ मोजावी. त्याला दाबून धरू नये. तोंडात चमचा वा पाणी घालू नये. कांदा वा चप्पल हुंगवू नये. आकडी पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास किंवा शुद्धीवर येण्यापूर्वी दुसरी आल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पहिली आकडी आपोआप थांबली तरी डॉक्टरांना दाखवावे आणि जुन्या अपघाताचे कागद सोबत न्यावेत.

गावाचे कर्तव्य

योग्य औषधोपचाराने बहुसंख्य रुग्णांच्या आकड्या आटोक्यात येतात. मात्र गोळ्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांच्या अनुमतीवाचून रुग्णाने वाहन चालवू नये, विहिरीत उतरू नये. भूत उतरविण्याच्या नावाखाली रुग्णाला बांधणे वा मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

याच जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावच्या अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. शास्त्रीय माहिती घरोघर पोहोचविता येते, हे त्या स्त्रियांनी दाखवून दिले. शिक्षक, आशा कार्यकर्त्या व पंचायत सदस्य यांनी तीच वाट धरल्यास रुग्णाची पावले देवऋषीऐवजी दवाखान्याकडे वळतील.