वाचलेलं पेपरात आठवत का नाही?

प्रश्न : मी दहावीला आहे. इतिहासाचा धडा चार-चार वेळा वाचते, महत्त्वाच्या ओळी रंगवते. घरी सगळं येतं, पण पेपरात आठवत नाही. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : स्मरणशक्ती ठीक आहे, पद्धत बदलायला हवी. पुन्हा पुन्हा वाचून मजकूर ओळखीचा होतो. न बघता सांगता येणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत नुसतं वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे.

म्हणून धडा एकदा नीट वाच, पुस्तक मिट आणि आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिही. सुरुवातीला निम्मंही आठवणार नाही, घाबरू नकोस. राहिलेलं तेवढंच परत बघ. दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने तोच धडा असाच लिहून काढ. जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडव, पण उत्तरं तपासून घे, नाहीतर चूकच पक्की होते. हायलायटर खुशाल वापर, फक्त त्यालाच अभ्यास समजू नकोस! रात्र जागून उजळणी नको; वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते. एवढं करूनही पेपर हातात आल्यावर धास्तीने काही सुचत नसेल, तर शाळेतल्या बाईंशी किंवा समुपदेशकांशी बोल.