परक्या शहराचा निकाल पहिल्या महिन्यात लावू नका

अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, अकोट, परतवाडा या आमच्या पट्ट्यातली मुलंमुली आता शिकायला परदेशी जाऊ लागली आहेत. कुणी शिक्षणकर्ज काढून जातं, कुणाच्या बाबांनी वावर गहाण टाकलेलं असतं. निघण्याआधी व्हिसा, तिकीट, बॅग किती किलोची हे सगळे सांगतात. उतरल्यावर मनाचं काय होतं आणि त्या मनःस्थितीचा फायदा घ्यायला कोण टपलेलं असतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मी स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत शिकले. तिथं जे पाहिलं आणि भोगलं त्यावरून माझं सांगणं एकच आहे. पहिल्या महिन्यात शहराबद्दल जे वाटेल ते वाटू द्या. पण त्या वाटण्याच्या भरात पैसे देऊ नका, घर पक्कं करू नका आणि माणसांबद्दल मत बांधू नका.

सप्टेंबरात एडिंबरो देखणं दिसतं. डोंगरकड्यावर किल्ला, त्याच्या उतारावर काळपट दगडी जुनं शहर, पलीकडे अठराव्या शतकात आखून वसवलेलं नवं शहर. दोन्ही मिळून १९९५ पासून जागतिक वारसास्थळ आहेत. रविवार सोडला तर जवळपास रोज दुपारी एकच्या ठोक्याला किल्ल्यावरून तोफ उडते. १८६१ पासूनची ही प्रथा. गावचे लोक मान वर करत नाहीत, नवं माणूस मात्र दचकतं. त्याहून जास्त दचकवते ती शांतता. भरलेल्या बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. आमच्या बसस्थानकावर शेजारी बसलेली बाई पाच मिनिटांत गाव, आडनाव आणि नातं काढते. तिथं आठवडा गेला तरी नाव विचारणारं कुणी भेटलं नाही. ही माणसं कोरडी आहेत, असंच मला वाटलं.

प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला, रजिस्टर हाउसपुढे, उधळलेल्या घोड्यावर बसलेल्या सेनानीचा पुतळा आहे. शिल्पकार जॉन स्टील, साल १८५२. खालचं नाव वाचून मी तिथंच थांबले: ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हाच तो आर्थर वेलस्ली. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई आणि १५ डिसेंबरला गाविलगड जिंकून, ३० डिसेंबरला त्याने दौलतराव शिंद्यांशी तह केला तो आमच्या सुर्जी अंजनगावात. त्या तहाने गंगा-यमुनेचा दुआब, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला शिंद्यांच्या हातून गेला. वर्गातल्या एकाही मुलाला अंजनगाव माहीत नव्हतं, आणि त्यांच्या भर चौकातल्या घोडेस्वाराला मात्र आमचं गाव चांगलं ठाऊक होतं.

याच शहराच्या विद्यापीठातून १९२० च्या दशकात अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे पंजाबराव देशमुख एम.ए. झाले. पुढे ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन ते परतले, अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि देशाचे कृषिमंत्री झाले. हे आठवलं तेव्हा माझं बिचकणं पुष्कळ कमी झालं. म्हणून पहिला सल्ला: ज्या शहरात जाणार त्याचा इतिहास आपल्या मातीशी कुठं जुळतो ते निघण्याआधी शोधा. भीती ओसरली की डोकं जागेवर राहतं, आणि डोकं जागेवर असलेला माणूस लवकर फसत नाही.

फसवणुकीची सुरुवात बहुधा खोलीपासून होते. सप्टेंबरात सगळे विद्यार्थी एकदम येतात, खोल्या कमी पडतात. मला विद्यापीठाजवळची एक सुरेख खोली स्वस्तात देऊ करण्यात आली. मालक म्हणे परदेशी होता. आधी अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. स्कॉटलंडमध्ये खोली भाड्याने देणाऱ्या खासगी मालकाला सरकारी नोंदणी बंधनकारक आहे आणि तो क्रमांक कुणालाही इंटरनेटवर फुकट तपासता येतो. मी क्रमांक मागितला आणि पलीकडून बोलणंच बंद झालं. माझ्यासोबतच्या एका मुलाने मात्र अशाच जाहिरातीला पैसे पाठवले. पत्त्यावर पोचला तर तिथं दुसरंच कुटुंब राहत होतं, आणि त्यांना या भानगडीचा पत्ताही नव्हता. त्याच्या घरच्यांनी ते पैसे कसे जमवले होते, हे मला माहीत होतं.

म्हणून नोंदणी क्रमांक तपासल्याशिवाय आणि खोली स्वतः किंवा ओळखीच्या माणसाकडून पाहिल्याशिवाय एक पौंडही देऊ नका. अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ती मालकाने तीस कामकाजाच्या दिवसांत मान्यताप्राप्त अनामत योजनेत जमा करायची असते. भाडं आणि अनामत यांखेरीज कागदपत्रांचा खर्च, नोंदणीचा खर्च असं काही मागणं बेकायदा आहे. सुरुवातीचे काही दिवस विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा साध्या हॉस्टेलात काढणं महाग वाटतं, पण अनामत बुडण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं.

नंतर आला फोन. इमिग्रेशन खात्यातून बोलतोय, कागदात चूक आहे, आत्ता दंड भरा, नाहीतर परत पाठवू. त्याला माझं नाव माहीत होतं आणि स्क्रीनवर दिसणारा क्रमांकही खरा भासत होता. हात थरथरत होते. फोन ठेवून मी थेट विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात गेले. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या की खातं असा फोनवर दंड वसूल करत नाही आणि असे फोन दर सप्टेंबरात येतात. क्रमांक बनावट दाखवता येतो, हे ध्यानात ठेवा. घाई करणाऱ्या कुठल्याही फोनला एकच उत्तर: ठेवून द्या आणि समोरासमोर माणसाला विचारा.

कामाचं तसंच. पदवीच्या विद्यार्थ्याला शिकवणी चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं, आणि स्वतःचा धंदा म्हणून काम करायला मनाई आहे. दुसऱ्याच्या खात्यावर जेवण पोचवण्याचं काम त्यात मोडतं. रोख पैसे देतो, तास कुणी मोजत नाही, असं सांगणारे भेटतात. पकडलं गेलं तर जोखीम तुमच्या व्हिसाची, म्हणजेच गहाण पडलेल्या वावराची. किमान वेतनाचा कायदा परदेशी विद्यार्थ्यालाही लागू आहे. त्याहून कमी घेऊ नका.

ज्याची खरी तयारी हवी तो हिवाळा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथं सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. दिवस जेमतेम सात तासांचा. अंजनगावात तेव्हाही जवळपास अकरा तास उजेड असतो. नोव्हेंबरापासून मला झोप येईना, जेवण जाईना, सगळं सोडून परत यावंसं वाटू लागलं. डॉक्टरांनी बजावलं की उजेडाच्या तासांत रोज बाहेर चाला. ऑक्टोबर ते मार्च रोज दहा मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावं, असा तिथल्या आरोग्यसेवेचाच सल्ला आहे. व्हिसासोबत आरोग्यसेवेचा अधिभार तुम्ही भरलेला असतो आणि स्कॉटलंडमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं मोफत मिळतात. तेव्हा पोचल्याच्या आठवड्यातच जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवा. आजारी पडण्याची वाट बघू नका.

आणि माणसं? न बोलणारे तेच लोक बसमधून उतरताना चालकाचे आभार मानल्याशिवाय उतरत नाहीत. आमच्या जिन्यावरच्या आजींनी बर्फ पडलेल्या सकाळी दार वाजवून मला पायऱ्या जपून उतरायला सांगितलं, आणि पुढे दर रविवारी चहाला बोलावलं. जवळ येण्याची त्यांची रीत आपल्याहून सावकाश आहे, इतकंच. माझं सप्टेंबरातलं मत मार्चपर्यंत टिकलं नाही.

शेवटचं बोलणं घरच्यांशी. माझी आई रोज विचारायची, "जेवली काय वं? थंडी लय असन न तिथं?" त्या प्रश्नाला खरं उत्तर देता येत होतं. "कसं वाटतं शहर, जमन ना?" या प्रश्नाला मात्र पोरं खोटं बोलतात, कारण कर्जाचा आकडा त्यांच्या डोळ्यांपुढे असतो. फोनची वेळ ठरवा. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ साडेचार तास मागे असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच. झोप, जेवण, खोली आणि वर्ग यांची चौकशी करा. शहर आवडलं की नाही, हे एक हिवाळा आणि एक उन्हाळा पाहून झाल्यावर मुलांनाच सांगू द्या. तोवर अडचण पहिल्यांदा घरी सांगता येईल, इतकी मोकळीक त्यांना द्या. फसवणारे नेमकं त्या मोकळिकीच्या अभावावर जगतात.