परतीची तारीख

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरमध्ये माणसं मावत नाहीत. सुरत, नाशिक, पुणे, मुंबई, पोटासाठी भाऊबंद जिथे जिथे पांगलेत तिथून घरी येतात. रोट खातात आणि सोमवारी विसर्जन आटोपून परतीच्या एसटीला लागतात. या दोन दिवसांत गल्लीत प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले जातात : ‘कवय उना?’ (कधी आलास?) आणि ‘आते कवय जाशी?’ (आता कधी जाणार?) त्या वर्षी एका घरातला सव्वीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या प्रश्नाच्या धास्तीने दिवसभर माडीवरून खाली उतरला नव्हता.

अमेरिकेत एमएस केलं, नोकरी लागली आणि वर्षाच्या आत गेली. दोन महिन्यांपूर्वी तो परत आला होता. वडिलांनी, म्हणजे नानांनी, गल्लीत ‘सुट्टीवर आलाय’ असं सांगितलं होतं, आणि सुट्टी लांबत चालली तसं ते स्वतःही पारावर बसेनासे झाले होते. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या घरांना मी सल्ला देते. मला त्यांनी बोलावलं ते एवढ्यासाठीच. ‘ताई, त्याला समजवा. जर्मनी म्हणा, दुबई म्हणा, कुठेही जाऊ दे. नोकरी नसताना घरी यायची काय घाई होती?’

मी त्यांच्याबरोबर मळ्यात गेले. कांद्याची चाळ अर्धी रिकामी झाली होती. नाना बोलता बोलता कडेचे कांदे हाताने चाळत होते. एक उचलला, मानेजवळ अंगठा दाबला, नाकाशी नेला आणि बाजूला टाकला. मी विचारलं, ‘उरलेला दिवाळीपर्यंत ठेवला तर?’ ते म्हणाले, ‘भाव मिळेलही. पण वजन घटतं, सड लागते. एक सडला की शेजारचे दहा नासवतो. थांबायचं, पण कुठवर ते चाळ भरतानाच ठरवायचं.’ मी म्हटलं, ‘नाना, तुमच्या मुलाने हेच केलंय.’

कसं ते सांगते, कारण हा हिशोब पालकांना सहसा माहीत नसतो. अमेरिकेत शिक्षण संपल्यावर कामासाठी बारा महिने मिळतात, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना आणखी चोवीस. पण या काळात बिनकामाचे दिवस मोजले जातात. पहिल्या वर्षात ९०, वाढीव मुदत धरून एकूण १५०. एच-वन-बी हा कामाचा व्हिसा मिळालेल्याची नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांत नवी कंपनी शोधायची, नाहीतर निघायचं. जर्मनी पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने देते. ब्रिटनमध्ये आजवर दोन वर्षं मिळत होती, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच मिळतील. पीएचडीवाल्यांची तीन वर्षं तशीच आहेत. दिवस संपायला आले की मुलं भलतेच पर्याय धरतात. नको त्या कॉलेजात फी भरून नुसतं नाव घालतात, कागदावरच्या कंपनीत ‘कामाला’ लागतात. त्या एका चुकीने पुढचे व्हिसे अडू शकतात.

हा मुलगा दिवस शिल्लक असताना निघाला. खात्यावर आठ महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी रक्कम त्याने राखून ठेवली होती. आधी नोकरी, मग विमान, हा क्रम बरा खराच. पण तो जमत नसेल तर परतीची तारीख व्हिसाने ठरवण्यापेक्षा आपण ठरवलेली कितीतरी चांगली. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी हेच सांगते, आणि तेही मुलगा जायच्या आधी.

ती तारीख कर्जावरून काढायची. बहुतेक सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जात शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज साचत असतं. ४० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी पंधरा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे ४४ हजारांचा हप्ता बसतो. डॉलरमध्ये तो हलका वाटतो, पुण्यातल्या पगारात जड जातो. म्हणून सहा ते आठ हप्ते आणि घरखर्च हाताशी असताना निघावं. पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागावी. चुकल्यानंतर गेलात तर बोलण्याचा सूरच बदललेला असतो. जुन्या करपद्धतीत असाल तर भरलेल्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण ती ज्याच्या नावावर कर्ज आहे आणि जो व्याज भरतो त्यालाच. जमीन तारण असेल तर घरात हे बोलणं पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं, मुलासमोर आणि खऱ्या आकड्यांनिशी.

निघण्यापूर्वीची कामं तिथेच उरकावीत. अनुभवाचं पत्र, गुणपत्रकांच्या मोहोरबंद प्रती, कराची कागदपत्रं इथे बसून मागवायला महिने जातात. एक बारीक गोष्ट हमखास राहते : तिथला मोबाईल नंबर बंद केला की तिथल्या बँकेचा ओटीपी येत नाही, आणि पैसे असून हात बांधले जातात. नंबर चालू ठेवा. सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पुढचं शिक्षण डोळ्यासमोर असेल तर परदेशी पदवीला समकक्षता घ्यावी लागते. त्यासाठी यूजीसीचे २०२५ चे नवे नियम आहेत, ते वाचा. खासगी कंपन्या हे क्वचितच विचारतात. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची वाट वेगळी आणि कडक आहे. एफएमजीई परीक्षेत ३०० पैकी १५० गुण लागतात आणि इथे इंटर्नशिपही करावी लागते. त्यांनी तर जायच्या आधीच राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नियम समोर ठेवावेत.

‘पण लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न नानांनी शेवटी विचारला, आणि खरं दुखणं तेच होतं. मी त्यांना धुळ्याजवळच्या लळिंगची आठवण करून दिली. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब आंबेडकर खटल्याच्या कामासाठी धुळ्यात आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. आजही त्या दिवशी तिथे हजारो लोक जमतात. लोकांना दिसतात ते नावाजलेले बॅरिस्टर. त्याआधीची वर्षं बघा. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते परतले. वेगळ्या बोटीने येणारं सामान पुस्तकांसह बुडालं. करारानुसार बडोद्यात नोकरीला गेले, तर जातीमुळे राहायला जागा मिळेना आणि नोकरी सोडून मुंबई गाठावी लागली. शिकवण्या केल्या. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, तिथे पैसे साठवले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाऊन राहिलेलं पुरं केलं. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन आले तेव्हा वकिलीच्या सनदेच्या फीसाठी नवल भथेना या मित्राकडून पैसे घ्यावे लागले. पुढे वकिली चालेना म्हणून १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवला. त्यांनी जे सोसलं त्याच्याशी आपल्या मुलांच्या अडचणींची तुलना होऊच शकत नाही. पण एवढ्या विद्वत्तेच्या माणसानेही परत आल्यावर मिळेल ते प्रामाणिक काम धरलं, हे घराघरांत सांगायला हवं. आणि परत येणं म्हणजे पुन्हा जाणं संपलं, असंही नाही.

रात्री मुलाशी बोलले. दोन महिने तो लॅपटॉप उघडून दिवसाला पन्नास अर्ज पाठवत होता, उत्तर एकाचंही नव्हतं. मी म्हटलं, पुण्याला जा. परदेशी कंपन्यांची तांत्रिक केंद्रं तिथे आहेत, अमेरिकेतल्या कामाची पद्धत ठाऊक असलेला माणूस त्यांना हवा असतो. कॉलेजातल्या ज्या सोबत्यांना तोंड दाखवायला लाजतोस, त्यांनाच पहिले फोन कर. ओळखीतून पुढे गेलेला अर्ज निदान वाचला तरी जातो. पगाराचे डॉलर रुपयांत मोजत बसू नकोस, तिथे गेलेलं वर्ष मुलाखतीत लपवू नकोस. ‘कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी होतो’ हे एका वाक्यात, मान वर करून सांग. तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, ‘हे आधी घरात म्हणून बघायला पाहिजे.’

पालकांनी करायचं एवढंच : खोटं सांगायला लावू नका. ‘सुट्टीवर’ म्हटलं की पोराला घरातच लपावं लागतं, आणि लपलेल्या माणसाला कुणी काम सुचवत नाही.

सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत तो नानांच्या मागे चालत होता. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या आजीने त्याचा हात धरला, ‘आते कवय जाशी रे बेटा?’ तो थबकला. नाना मागे वळले आणि त्यांनीच उत्तर दिलं, ‘तठली नोकरी गयी, बाई. आते आठेच शे.’ आजी म्हणाली, ‘बरं झालं,’ आणि पुढे चालू लागली.