इंटरनेट अडले कुठे?

आपल्या आगरात वाडीला पाणी कसे जाते, ते आपण रोज पाहतो. विहिरीवर पंप असतो. पूर्वी रहाट असे. पंप पाणी वर काढतो. ते पाटात पडते. पाटातून ते पोफळीच्या आळ्यात जाते.

एखाद्या दिवशी आळे कोरडे राहते. मग आपण काय करतो? पोफळीला दोष देत नाही. पाटाच्या काठाने मागे चालत जातो. पाट कुठे फुटला, ते पाहतो. पाट धड असेल तर पंप पाहतो. पंप धड असेल तर विहीर पाहतो. जिथे अडले असेल, तिथेच हात घालतो.

मोबाइलवरचे इंटरनेट बंद पडले, तरी हेच करायचे असते. इंटरनेटलाही विहीर असते, पंप असतो, पाट असतो. कुठे अडले, ते आधी शोधावे. मग पुढचे काम सोपे होते.

हे शिकायचे कशासाठी?

आज पुष्कळ कामे मोबाइलवर होतात. मुंबईला असलेला मुलगा पैसे पाठवतो. कोळी बांधव होडी लोटण्याआधी हवामानाचा इशारा पाहतात. 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने शेतात उभे राहून भाताचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर पीक नोंदवायचे. त्याला मुदत असते.

अशा वेळी इंटरनेट अडले, की माणूस गोंधळतो. “मला काय समजत नाय,” असे म्हणून तो मोबाइल दुसऱ्याच्या हाती देतो. सोबत गुप्त आकडाही सांगून टाकतो. इथेच घात होतो. बिघाड लहान असतो, नुकसान मोठे होते. म्हणून ज्याला अक्षरे वाचता येतात, त्याने मोबाइलवरच्या खुणाही वाचायला शिकावे.

वायफाय म्हणजे काय?

तार न जोडता संदेश जातो तो लहरींमुळे. रेडिओवर आपण गाणी ऐकतो, तीही अशाच लहरींवर येतात. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. 1895 साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बसू यांनी लोकांसमोर एक प्रयोग केला. तार न जोडता त्यांनी लहरी पाठवल्या आणि दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखवली. मधल्या भिंतींतून लहरी पलीकडे गेल्या.

वायफायचे कामही लहरींवरच चालते. घरात एक लहान डबा असतो. त्याला राउटर म्हणतात. बाहेरून एक तार या डब्यात येते. पुष्कळदा ती काचेची बारीक तार असते आणि तिच्यातून प्रकाश धावतो. डबा त्याच्या लहरी करतो. मोबाइल त्या लहरी पकडतो.

म्हणजे वाट अशी झाली. कंपनीचे केंद्र ही विहीर. बाहेरची तार हा मोठा पाट. राउटर हा जणू पंप. घरातल्या लहरी हा लहान पाट. आणि आपला मोबाइल म्हणजे पोफळीचे आळे.

इंटरनेट मोबाइलवर येण्याची दुसरीही एक वाट आहे. ती म्हणजे टॉवर. टॉवरवरून सरळ मोबाइलवर येते, त्याला मोबाइल डेटा म्हणतात. वायफाय वेगळे आणि मोबाइल डेटा वेगळा. एक वाट बंद असली, तरी दुसरी चालू असू शकते.

पहिला प्रश्न : एकट्याचे की सगळ्यांचे?

इंटरनेट अडले, की आधी घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारावे. “सूनबाई, तुझ्या मोबाइलवर चालतंय का गं?” ती म्हणाली, “हो मामंजी, चालतंय,” तर डबा धड आहे, बाहेरची तारही धड आहे. दोष आपल्या मोबाइलात आहे. ती म्हणाली, “नाही, माझंही बंद आहे,” तर आपल्या मोबाइलशी खटपट करू नये. दोष डब्यात किंवा डब्यापलीकडे आहे.

या एका प्रश्नाने अर्धे काम होते.

दोष मोबाइलात असेल तर

खाली दिलेल्या गोष्टी एकामागून एक कराव्या. एक केली, की चालते का ते पाहावे. मगच दुसरी करावी. चार गोष्टी एकदम केल्या, तर कशाने गुण आला ते कळत नाही.

1. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढावे. तिथे काही चित्रे दिसतात. त्यांत विमानाचे चित्र असते. ते चालू असेल तर मोबाइलच्या लहरी बंद राहतात. लहान मुलाच्या हातून ते चुकून दाबले जाते. ते बंद करावे.

2. तिथेच उघडलेल्या पंख्यासारखे चित्र असते. ती वायफायची खूण. ती चालू आहे का, ते पाहावे.

3. त्या खुणेवर बोट थोडा वेळ दाबून धरावे. आसपासच्या वायफायची नावे दिसतात. आपल्याच डब्याचे नाव निवडले आहे ना, ते वाचावे. शेजाऱ्याच्या डब्याचे नाव पुष्कळदा आपल्यासारखेच असते.

4. परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, नीट घालावा. इंग्रजीतले मोठे अक्षर आणि लहान अक्षर वेगळे धरले जाते. शून्य आणि ओ सारखे दिसतात. एक आणि एल सारखे दिसतात. पासवर्डाच्या चौकटीत बहुधा डोळ्याचे चित्र असते. ते दाबले, की घातलेली अक्षरे दिसतात. मग ताडून पाहावी.

5. मोबाइल बंद करून पुन्हा चालू करावा. पुष्कळ बारीक दोष एवढ्याने जातात.

6. मोबाइलवरची तारीख आणि वेळ पाहावी. तारीख चुकीची असेल, तर वायफाय जोडलेले दिसते, पण पाने उघडत नाहीत. तारीख आपोआप लागेल अशी सोय मोबाइलमध्ये असते. ती चालू ठेवावी.

7. एवढ्यानेही चालले नाही, तर आपल्या वायफायच्या नावावर जाऊन “विसरा” असे दाबावे. मग पुन्हा पासवर्ड घालून जोडावे. पासवर्ड ठाऊक असेल तरच हे करावे.

मोबाइलवर सगळे इंग्रजीत लिहिलेले असते, अशी पुष्कळांची तक्रार असते. ती दूर करता येते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये भाषा बदलण्याची सोय असते. तिथे मराठी निवडावी. मग “कनेक्ट केले”, “इंटरनेट नाही” असे शब्द आपल्याच लिपीत दिसतात. आपल्याला वाचता येते, तर मोबाइलनेही आपल्याशी मराठीतच बोलावे.

दोष डब्यात असेल तर

पंख्याच्या खुणेपाशी उद्गारचिन्ह दिसले, किंवा “इंटरनेट नाही” असे आले, तर त्याचा अर्थ असा : लहान पाट धड आहे, पण त्यात पाणीच येत नाही. मग डब्याकडे जावे.

आधी डब्यावर दिवा आहे का ते पाहावे. एकही दिवा नसेल, तर वीज गेली असेल किंवा पिन ढिली झाली असेल. डब्याला वीज लागते. मोबाइल भरलेला असला, तरी वीज गेली की डबा बंद होतो. तेवढ्यापुरता मोबाइल डेटा वापरावा.

दिवे असतील, तर डबा बटणावर बंद करावा. अर्धा मिनिट थांबावे. मग चालू करावा. दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. लगेच पुन्हा बंद करू नये.

काचेची तार असलेल्या डब्यावर एका दिव्यापाशी एल, ओ, एस ही इंग्रजी अक्षरे असतात. तो दिवा लाल झाला, तर तारेतून प्रकाश येत नाही असे समजावे. कुठे फांदी पडली असेल, कुठे रस्ता खणताना तार तुटली असेल, कुठे उंदराने कुरतडली असेल. हे आपल्या हातचे काम नव्हे. कंपनीला कळवावे. ती तार ओढू नये. तुटलेल्या टोकात डोळा लावून तर मुळीच पाहू नये. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

डब्याच्या मागे सुईएवढे एक भोक असते. त्यात काडी घालून दाबू नये. तसे केल्याने डब्यातली सगळी मांडणी पुसली जाते. मग कंपनीचा माणूस येईपर्यंत डबा निकामी होतो.

आणखी एक गोष्ट. पैसे भरण्याची मुदत संपली, तरी इंटरनेट बंद होते. ती तारीख आधी पाहावी.

चालते, पण मंद चालते

लहरींनाही अडथळे असतात. आपल्याकडची घरे चिऱ्याची. चिऱ्याच्या जाड भिंतीतून लहर जाते, पण थकून जाते. पत्रा तर तिला परत फिरवतो. पाण्याची टाकी तिला शोषून घेते. म्हणून डबा फडताळात, पत्र्याच्या पेटीमागे किंवा जमिनीवर ठेवू नये. घराच्या मधोमध, उंचावर ठेवावा.

पुष्कळ डब्यांतून दोन प्रकारच्या लहरी निघतात. वायफायच्या नावाच्या शेवटी पाचाचा आकडा असेल, तर ती बहुधा वेगवान लहर असते. पण ती लांब जात नाही. दुसरी जरा मंद, पण लांब पोचते. मागच्या पडवीत बसायचे असेल, तर दुसरी निवडावी.

एका यंत्राचा दुसऱ्याला त्रास होतो, हे आपल्या जिल्ह्याला जुनेच ठाऊक आहे. अलिबागेत चुंबकीय वेधशाळा आहे. ती पूर्वी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या होत्या. त्या विजेने चुंबकाच्या नाजूक नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात अलिबागची जागा निवडली गेली आणि 1904 साली इथे काम सुरू झाले. आपल्या डब्यालाही असा शेजार बाधतो. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह भट्टी असेल, तर डबा तिच्यापासून दूर ठेवावा.

सगळ्या गावाचेच बंद असेल तर

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले. टॉवर बंद झाले. कित्येक गावांत बरेच दिवस ना वीज होती ना फोन. मुंबईतल्या माणसांना गावाकडची खुशाली कळेना.

अशा वेळी विहिरीपासूनच पाणी बंद असते. आपला मोबाइल उघडून दुरुस्त करण्यात अर्थ नसतो. त्याची बॅटरी जपावी. तयारी करायची ती वादळाआधी. इशारा मिळताच मोबाइल भरून ठेवावा. विजा कडाडू लागण्याआधी डब्याची पिन काढावी. घरच्यांचे, दवाखान्याचे आणि पोलीस ठाण्याचे नंबर वहीत लिहून ठेवावे. वहीला रेंज लागत नाही. संकटात 112 हा नंबर फिरवावा. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर चालू असेल तर तो लागू शकतो.

दुरुस्तीच्या नावाने लूट

कंपनीचा नंबर बिलावरून किंवा पावतीवरून घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला नंबर भामट्याचा असू शकतो. दुरुस्ती करणाऱ्याला आपला ओटीपी लागत नाही. बँकेचा गुप्त आकडाही लागत नाही. “काका, मी सांगतो ते ॲप घ्या, मी इथूनच दुरुस्त करतो,” असे कोणी म्हणाले, तर फोन ठेवून द्यावा. त्या ॲपने तुमचा पडदा त्याला दिसू लागतो. पैसे गेलेच, तर लाज धरू नये. ताबडतोब 1930 या नंबरवर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितका पैसा अडवता येण्याचा संभव अधिक.

कोणाची मदत घेणे वाईट नाही. पण मदत घेताना मोबाइल आपल्याच हाती असावा. “कुठे दाबू ते सांग, मी दाबतो,” असे म्हणावे. म्हणजे काम होते, आणि पुढच्या वेळेला आपले आपल्यालाही येते.

लक्षात ठेवा

आधी विचारा : एकट्याचे की सगळ्यांचे?
एका वेळी एकच गोष्ट करून पाहा.
डब्यावरचे दिवे पाहा, पडद्यावरचे शब्द वाचा.
ओटीपी कोणालाही सांगू नका.

प्रश्न

1. वायफाय आणि मोबाइल डेटा यांत फरक काय?
2. डब्यावरचा एल-ओ-एस दिवा लाल झाला, तर काय समजाल?
3. आपल्या घरात डबा ठेवायला चांगली जागा कोणती? का?
4. घरच्यांचे पाच नंबर आजच आपल्या हाताने वहीत लिहा.