पिचकारीचा पल्ला

आपल्या सांगली-कोल्हापूर भागात खरा रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात. फाल्गुन वद्य पंचमी जवळ आली की कुपवाडच्या दुकानांत पिचकाऱ्या टांगलेल्या दिसतात आणि हॉस्टेलवर दरवर्षीचा वाद सुरू होतो. खालून मारलेलं पाणी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पोहोचतं की नाही? बहुतेक वेळा नाही पोहोचत. मग कोणीतरी हमखास म्हणतं, "भोक बारीक कर, लांब जाईल." हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. ते अर्धंच खरं आहे, आणि फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पास झालेली पोरंही ते बिनधास्त बोलतात.

पिचकारीत मुख्य गोष्टी तीनच : नळी, दट्ट्या आणि तोटी. (कॉन्व्हेंटमुळे माझ्या डोक्यात पिस्टनच होता. 'दट्ट्या' हा शब्द वर्कशॉपमधल्या काकांकडून मिळाला.) पाणी किती वेगाने सुटणार हे आतल्या दाबावर ठरतं, आणि दाब म्हणजे हाताचा जोर भागिले दट्ट्याचं क्षेत्रफळ. यात भोकाचा कुठेच संबंध नाही.

समजा हाताचा जोर १० किलो आहे. दट्ट्याचा व्यास ४ सेंमी असेल तर क्षेत्रफळ साधारण १२.५ चौ. सेंमी आणि दाब ०.८ किलो प्रति चौ. सेंमी, म्हणजे ८ मीटर हेड. सरळ वर मारलं तर पाणी जास्तीत जास्त ८ मीटर चढेल, आणि ४५ अंशात मारलं तर त्याच्या दुप्पट, १६ मीटर लांब जाईल. आता तोच हात २.५ सेंमी व्यासाच्या नळीवर लावा. क्षेत्रफळ ४.९, दाब २ च्या वर, हेड २० मीटर! म्हणजे गॅलरीचा प्रश्न तोटीने नाही, नळीने सुटतो. अर्थात फुकट काहीच नाही. ३० सेंमीच्या दांड्यात जाड नळी पावणेचारशे मिली पाणी फेकते, बारीक नळी जेमतेम दीडशे. शिवाय हे सगळे आकडे हवेचा अडथळा सोडून आहेत. प्रत्यक्षात बरंच कमी मिळतं, आणि हवेमुळे ४५ पेक्षा ३५ अंशांच्या आसपासचा कोन बरा पडतो.

मग भोक बारीक केल्यावर फरक का दिसतो? ४ सेंमी नळीला ८ मिमीचं भोक असेल तर पूर्ण दाब टिकवायला दट्ट्या सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने ढकलावा लागतो. हात तेवढ्या जोरात तेवढा पळत नाही, दाब पडतो. ४ मिमीला तोच वेग १२-१३ सेंमी होतो, आरामात जमतो. पण त्याखाली गेलात की नुकसान सुरू. बारीक धार हवेत लगेच फुटते, आणि थेंबांना हवा चटकन अडवते. तासगावकडचे द्राक्षबागायतदार फवारणीला जे नोझल लावतात त्यात पाण्याला मुद्दाम भोवरा देतात, कारण त्यांना धुकं हवं असतं. आपल्याला नेमकं उलटं हवं : जाड, सरळ, काचेसारखी धार. म्हणून ३ ते ४ मिमी ठीक. (बागेतल्या पाइपवर अंगठा दाबला की पाणी लांब जातं हे खरं आहे, पण तिथे प्रवाह कमी झाल्यामुळे लांब पाइपातल्या घर्षणात जाणारा दाब वाचतो. पिचकारीत एवढा लांब पाइपच नाही.)

भोक तापलेल्या खिळ्याने पाडू नका. कड वितळून आत गोळा होते आणि धार सुटताक्षणी फाटते. ड्रिलने पाडा, कड ब्लेडने साफ करा. ऑरिफिसचं प्रॅक्टिकल आठवा : धारदार कडेच्या भोकाचा सीडी ०.६२ च्या आसपास, पण सीव्ही ०.९७. म्हणजे पाणी कमी निघतं, वेग जवळजवळ पूर्ण मिळतो. तोटीच्या आधी कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉचे इंचभर तुकडे दाटीने बसवले तर पाण्याचा पीळ मोडतो. दहा मिनिटांचं काम आहे.

पण हे सगळं नंतर. आधी गळती बघा. तोटी बोटाने बंद करून दट्ट्या दाबा. मागून पाणी आलं तर वायसर गेला. जुन्या पितळी पिचकारीचा चामडी वायसर वर्षभर पडून सुकतो आणि आक्रसतो. तो रात्रभर तेलात भिजवून कड बोटाने फाकवली की बहुधा परत धरतो. रबरी रिंग असेल तर तेल लावू नका, काही रबर तेलाने फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. रिंग झिजली असेल तर जुनी सोबत नेऊन मापाची नवी घ्या. तोटीच्या आट्यांवर प्लंबरची टेफ्लॉन टेप गुंडाळा. रंग फडक्यातून गाळून भरा, न विरघळलेला कण वायसर खरवडतो.

टाकीत हवा भरायच्या बंदुका ही वेगळी जात. ती कल्पना लॉनी जॉन्सन या अमेरिकन इंजिनिअरची. १९८२ मध्ये हीट पंपावर प्रयोग करताना त्याच्या नोझलमधून पाण्याची जोरदार धार सुटली, आणि १९९० मध्ये ते खेळणं बाजारात आलं. इथे स्प्रिंगचं काम हवा करते, म्हणून टाकी काठोकाठ भरू नका. एक तृतीयांश रिकामी ठेवा. पंप मारून दाब धरत नसेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो, उघडून धुवा.

यावरून पुढची आयडिया प्रत्येक बॅचला सुचते : पीव्हीसी पाइपची टाकी करून त्यात कॉम्प्रेसरची हवा भरायची. ही करू नका. पाइपवरचं रेटिंग पाण्याच्या दाबाचं असतं. पाण्याने पाइप फुटला तर दाब लगेच उतरतो, पण दाबलेली हवा फुटताना प्रसरण पावते आणि पीव्हीसीच्या टोकदार चिरफळ्या उडवते.

आणि २ किलोची धार जवळून लागली तर जिथे लागते तिथे दाबही जवळपास २ किलोचाच बसतो. डोळ्यासाठी तो फार आहे. बारीक नळीची पिचकारी लांबूनच चालवायची, आणि समोरासमोर आलात तर सरळ बादली घ्यायची.