डेटाबेसच्या जोडण्यांची काटकसर

दहावीचा निकाल ज्या दिवशीं संगणकावर प्रसिद्ध होतो, त्या दिवशीं घरोघर एकच प्रकार दृष्टीस पडतो. विद्यार्थी आपला बैठक क्रमांक लिहून बसलेला असतो, पालक त्याच्या खांद्यावरून डोकावत असतात, आणि पडद्यावरचें चक्र फिरतच राहतें. "यंत्र लहान असेल," असा तर्क अशा वेळीं बहुतेक जण करितात. कधीं कधीं तें खरोखरच लहान असतें. परंतु पुष्कळदां पुरेसें मोठें असूनहि केवळ अव्यवस्थेमुळें तें अडून बसतें. ही अव्यवस्था कोठें होते हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस कळावें, म्हणून आम्ही हा पाठ लिहीत आहों.

वेबसाइट म्हणून आपण जें पाहतों, त्याच्या पाठीमागें निदान दोन कामकरी असतात. एक, आलेली मागणी ऐकून उत्तराचें पान तयार करणारा. यास ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणतात. दुसरा, सर्व माहिती जपणारा व विचारल्यास शोधून देणारा, तो डेटाबेस. पहिल्यानें दुसऱ्यास प्रश्न विचारावयाचा, तर दोघांमध्यें आधीं एक जोडणी उघडावी लागते.

ही जोडणी फुकट मिळत नाहीं. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसचें उदाहरण घेऊं. अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखालीं १९८६ सालीं त्याच्या उभारणीस आरंभ झाला व आज तो जगभर वापरला जातो. त्यांत प्रत्येक जोडणीसाठीं एक स्वतंत्र प्रक्रिया सुरू होते. जणूं पंक्तींतील प्रत्येक पाहुण्यास वेगळा वाढपी. शिवाय, ओळख पटविणें, गुप्त भाषा ठरविणें, परवलीचा शब्द पडताळणें, यासाठीं उभयतांमध्यें संदेशांच्या पांच-सहा खेपा होतात. दोन यंत्रें दूर असून एका खेपेस ४० मिलिसेकंद लागत असतील, तर प्रश्न विचारण्यापूर्वींच २०० मिलिसेकंद खर्ची पडले! प्रश्नाचें उत्तर शोधण्यास मात्र बहुधा एखादा मिलिसेकंद पुरतो.

विहिरीवर येणाऱ्या प्रत्येकानें नवा दोर वळावा, घागरभर पाणी शेंदावें आणि दोर फेंकून द्यावा, असें कोणत्याहि गांवांत कोणी करीत नाहीं. दोर व पोहरा काठावरच असतो. एकाचें झालें कीं दुसरा घेतो. कुशल प्रोग्रामर हेंच करितात. कांहीं जोडण्या आधींच उघडून ठेवावयाच्या, मागणी आली कीं त्यांतील एक द्यावयाची, काम होतांच परत घ्यावयाची. या साठ्यास कनेक्शन पूल म्हणतात. जावा भाषेंतील कार्यक्रमांसाठीं हिकारीसीपी नांवाचा पूल प्रसिद्ध आहे. हिकारी म्हणजे जपानींत प्रकाश.

आतां पोहरे किती ठेवावे? येथें नवशिके हमखास फसतात. जितके अधिक तितकें बरें, असें त्यांस वाटतें. परंतु विहिरीचें तोंड तेवढेंच राहतें. शंभर पोहरे एकदम सोडले तर ते एकमेकांवर आपटून पाणी सांडतें. डेटाबेसच्या यंत्रांत आठ गणनकेंद्रें असतील, तर एका क्षणीं आठच कामें खरोखर चालतात. उरलेलीं नुसतीं धक्काबुक्की करितात. म्हणूनच हिकारीचा पूल, कांहीं न सांगितल्यास, दहाच जोडण्या ठेवितो.

नेमकी गरज काढण्यास एक सोपें गणित आहे. जॉन लिटल या अमेरिकन पंडितांनीं १९६१ सालीं त्याची सिद्धता दिली. दर सेकंदास येणाऱ्या मागण्या आणि प्रत्येक मागणी जोडणी धरून ठेविते तो वेळ, यांचा गुणाकार म्हणजे एका वेळीं सरासरीनें गुंतलेल्या जोडण्या. सेकंदास २०० मागण्या व प्रत्येकीस ०.०२ सेकंद, तर उत्तर चार. गर्दीच्या लाटेसाठीं थोड्या अधिक ठेवाव्या, इतकेंच. पण त्याच प्रोग्रामरनें जोडणी हातांत धरूनच विद्यार्थ्यास ई-मेल पाठविला व त्यांत दोन सेकंद गेले, तर तोच गुणाकार ४०० च्या वर जातो! यंत्र तेंच, मागण्या त्याच; फक्त पोहरा हातांत धरून गप्पा झाल्या. आमच्या मतें पूल मोठा करण्याआधीं हें तपासावें. बहुतेक दुखणें येथेंच सांपडतें.

याहून वाईट खोड म्हणजे जोडणी परतच न करणें. काम सुरळीत झालें तर ती परत जाते, परंतु मध्येंच चूक उद्भवली तर परत करण्याची ओळ वगळली जाते. दहांतील एक गेली, मग दुसरी. दहावी गेली कीं वेबसाइट स्तब्ध! हिकारींत रांगेंतला तीस सेकंद वाट पाहतो व मग निराश होऊन परततो. यास्तव, चूक होवो वा न होवो, जोडणी परत जाईलच अशी रचना आरंभींच करावी. बहुतेक भाषांत तशी सोय असते. अर्धवट राहिलेला व्यवहारहि परत करण्यापूर्वीं रद्द करावा, नाहीं तर पुढच्याच्या पाण्यांत मागच्याचा गाळ येतो.

आणखी एक हिशेब पालकांनींहि करून पाहावा. पोस्टग्रेस्क्यूएल मुळांत १०० जोडण्या स्वीकारतो आणि त्यांपैकीं तीन व्यवस्थापकासाठीं राखून ठेवितो. निकालाच्या दिवसासाठीं चार ॲप्लिकेशन सर्व्हर मांडले व प्रत्येकाच्या पुलांत ३० जोडण्या ठेविल्या, तर एकूण १२० झाल्या. चौथ्या सर्व्हरला ३० च्या जागीं सातच मिळतील. म्हणजे मदतीस आणलेला गडी दारांतच अडला. अशा ठिकाणीं एकतर प्रत्येकाचा वांटा कमी करावा, किंवा सर्वांच्या पुढें पीजीबाउन्सरसारखा एक सामाईक मध्यस्थ बसवावा. तो शेंकडों मागणाऱ्यांस थोड्याच खऱ्या जोडण्यांवर आळीपाळीनें काम करूं देतो.

राहतां राहिली जुन्या दोरांची गोष्ट. फार वेळ निजलेली जोडणी मधल्या एखाद्या पहारेकरी यंत्राकडून मुकाट्यानें तोडली जाते, आणि पुलाला ती शाबूतच वाटते. म्हणून हिकारी कोणतीहि जोडणी सामान्यतः तीस मिनिटांहून अधिक जुनी होऊं देत नाहीं; हातांत काम असेल तर तें संपूं देतो, आणि मग ती बंद करून तिच्या जागीं नवी उघडतो.