उजनीच्या पाण्याखालचे गाव : पळसदेव

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भिंत, दरवाजे आणि कालवे येतात. भिंतीच्या वरच्या अंगाला काय बुडाले, हे पाठ्यपुस्तकात सहसा नसते. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला ‘यशवंतसागर’ म्हणतात. या जलाशयाने इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतील अनेक गावे पोटात घेतली. इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव त्यांपैकीच एक.

हे गाव उन्हाळ्यात वर कसे येते, हे समजण्यास थोडे गणित हवे. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. पैकी जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा आणि ५३ टीएमसी उपयुक्त साठा. म्हणजे मृतसाठाच मोठा! उपयुक्त पाणी संपले की टक्केवारी ‘उणे’ लिहितात. उणे ५० टक्के म्हणजे मृतसाठ्यातीलही सुमारे २७ टीएमसी गेले. तरी ३७ टीएमसी उरतेच. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी याच्याही खाली गेले, तेव्हा आम्ही मामांच्या जीपमधून तेथे गेलो.

पुणे-सोलापूर महामार्गावर नवे पळसदेव आहे. तेथून खाली उतरले की डांबर संपते आणि गाळपेर लागते. पाणी हटेल तसतशी लोक या गाळात पिके घेतात. वरून भेगाळलेली ही जमीन दगडासारखी टणक दिसते. पण आत ओल असते, पापुद्रा फुटला की चाक रुतते. म्हणून मामांनी ट्रॅक्टरची चाकोरी सोडली नाही. पाण्याच्या कडेपासून बऱ्याच अलीकडे जीप थांबवून आम्ही चालत निघालो.

समोर पळसनाथाचे दगडी मंदिर होते. भोवती घरांची जोती. त्यांवरून उंबरा कोठे, बोळ कोठे, एवढे ओळखता येते. चौकटी-तुळया लोकांनी उठतानाच काढून नेल्या असणार; गरिबाच्या घरात लाकूड हीच ठेव.

माझ्या आजीचे माहेर अशाच एका बुडीत गावचे. परत आल्यावर मी मंदिराचे वर्णन करू लागलो, तर तिने मध्येच विचारले, “आन् आमच्या गावची मारुतीम्होरली हीर? ती दिसली का रं?” मंदिराची छायाचित्रे सर्वत्र छापून येतात, विहिरीबद्दल कोणी विचारत नाही.

उजनीच्या पाण्याने सोलापूरचा दुष्काळी टापू भिजवला, ऊस वाढवला, शहराची तहान भागवली. हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. परंतु हिशेब दोन्ही बाजूंचा मांडावा लागतो. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली केला. जमिनीची मोजणी झाली, मोबदला ठरला, नवे गावठाण आखले गेले. मात्र पाणवठे, यात्रेची वाट यांना सातबाऱ्यात रकाना नाही. ती माणसांच्या आठवणीत आहेत, आणि ती माणसे आता थकली आहेत.

आपल्या महाविद्यालयात बुडीत गावांतील घरांची मुले-मुली आहेत. प्रत्येकाने आपल्या आजी-आजोबांना विचारून जुन्या गावाचा एक नकाशा काढावा, त्यावर शेतांची नावे लिहावीत आणि तो ग्रंथालयात द्यावा. इतिहासाच्या अभ्यासाला याहून जवळचे साधन आपणास मिळणार नाही.